सायफाय सिनेमाचं विश्लेषण: आधी चुळबुळ कुठे झाली ते लिहा

रसग्रहण शिबिरातले निबंध तपासायला घेतले की पहिल्या पानावर गोष्ट असते, दुसऱ्यावर ‘छायाचित्रण अप्रतिम’ असतं आणि शेवटच्या चार ओळींत ‘प्रेक्षकांनी चित्रपट डोक्यावर घेतला’. कथन, तंत्र आणि प्रतिसाद ही तीन शेजारची बिऱ्हाडं, पण एकमेकांशी बोलणं नाही. सायफाय सिनेमा असला की त्यात चौथं पान वाढतं, ‘शेवटाचा खरा अर्थ’. ते बहुतेकदा यूट्यूबवरून आलेलं असतं, आणि पंधरापैकी नऊ निबंधांत तेच वाक्य सापडतं.

बुद्धी कमी पडते असं मला वाटत नाही, क्रम चुकतो. खाली तो क्रम दिलाय. उदाहरण म्हणून स्टॅन्ली कुब्रिकचा १९६८चा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ घेतलाय. त्यात तिन्ही धागे ठळक आहेत, आणि त्यावर निबंध लिहिताना माणसं सर्वांत जास्त घसरतात म्हणूनही. पद्धत दुसऱ्या कुठल्याही सायफायला चालेल.

तयारी: प्रत, वही आणि तोंडाला कुलूप

प्रत आधी तपासा. या सिनेमाची पूर्ण प्रत साधारण १४९ मिनिटांची आहे. सुरुवातीला काळ्या पडद्यावर जवळपास तीन मिनिटं नुसतं संगीत आणि मध्ये मध्यंतर, हे त्यात धरलंय. १४२ मिनिटांचा आकडा दिसला तर बहुधा हे भाग गाळून मोजलंय. आमच्या एका खेळाला काळा पडदा सुरू होताच मागच्या रांगेतले एक काका उठून प्रोजेक्टरची वायर हलवू लागले. हसू नका, हीसुद्धा प्रेक्षक-प्रतिसादाची नोंद आहे आणि मी ती वहीत लिहिली.

वहीचं पान आडवं धरा आणि चार रकाने आखा: मिनिट, काय घडलं, कसं दाखवलं, आपलं किंवा खोलीतल्यांचं काय झालं. चौथा रकाना सगळ्यांत रुंद ठेवा. बहुतेक जण तो आखतच नाहीत.

सिनेमा पाहून होईपर्यंत परीक्षणं, चर्चा, ‘एंडिंग एक्स्प्लेन्ड’ यातलं काहीही उघडायचं नाही. आर्थर सी. क्लार्कची याच नावाची कादंबरीही बाजूला ठेवा. तिच्याकडे पुढे वळूच.

> तपासा: सबटायटल्स लावणार असाल तर कोणत्या भाषेतली ते लिहून ठेवा. तिसऱ्या पायरीत याची गरज पडेल.

पायरी १: पहिल्यांदा पाहताना पेन खाली

पहिल्या वेळी काहीही लिहू नका. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, मध्यंतर येईल तिथेच उठा. सिनेमा संपल्यावर मात्र दहा मिनिटांच्या आत, चहा टाकण्याच्याही आधी, तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. मी कुठे घड्याळ पाहिलं? मी कुठे श्वास रोखला? कुठे मला वाटलं की माझ्या हातून काहीतरी निसटलं?

याला मी चुळबुळीची नोंद म्हणतो. लाज वाटते म्हणून लोक ती लिहीत नाहीत. एवढा थोर सिनेमा, आणि कंटाळा आला म्हणून कसं लिहायचं? लिहायचं. विश्लेषणाचा कच्चा माल तोच आहे. दोन दिवसांनी आठवून लिहिलेली नोंद उपयोगाची नसते, तोवर तुमचं मत इतरांच्या मतांत मिसळून गेलेलं असतं.

> इशारा: ‘कंटाळा आला’ एवढ्यावर थांबू नका. ‘अंतराळस्थानकावरच्या गप्पांत कंटाळा आला, पण अंतराळवीर डेव्ह यानाबाहेर जातो तेव्हा नाही, आणि तो प्रसंगही तितकाच संथ आहे’ असं लिहा. तुलना नसेल तर ती तक्रारच राहते.

पायरी २: गोष्ट आणि ती सांगण्याची रीत वेगळी काढा

आता दुसऱ्यांदा पाहा, या वेळी थांबत थांबत. आधी घटनांची यादी करा, जास्तीत जास्त पंधरा ओळी. मग त्यासमोर लिहा की सिनेमानं ती घटना किती मिनिटं दाखवली, गाळली, की नुसती उडती सांगितली.

यात दोन गोष्टी लगेच दिसतात. पहिला शब्द ऐकू येतो तो साधारण पंचविसाव्या मिनिटाला, तोही स्थानकाच्या लिफ्टमधल्या मुलीचा, काहीही महत्त्वाचं न सांगणारा. आणि शेवटची सुमारे तेवीस मिनिटं पुन्हा एकही संवाद नाही. म्हणजे बोलका सिनेमा मधल्या भागात बसवलाय आणि दोन्ही टोकं मुकी आहेत.

दुसरी गोष्ट, पडद्यावर येणाऱ्या शीर्षकपाट्या मोजा. निबंधांत सर्रास ‘चित्रपटाचे चार भाग’ असं येतं. पाट्या तीनच आहेत: ‘मानवाची पहाट’, ‘गुरू मोहीम, अठरा महिन्यांनंतर’ आणि ‘गुरू आणि अनंताच्या पलीकडे’. चंद्रावरच्या भागाला स्वतंत्र पाटी नाही. माकडाच्या हातून उडालेलं हाड आणि अवकाशात तरंगणारा उपग्रह यांच्यामध्ये लाखो वर्षं जातात, पण पाटी पहिलीच चालू असते. यानातून चंद्रावर उतरणारे सुटाबुटातले अधिकारी अजून ‘पहाटे’तच आहेत. माझ्या मते सिनेमातली सर्वांत बोचरी टिप्पणी ही आहे, आणि पाट्या न मोजणाऱ्याला ती दिसत नाही.

आता या पायरीतलं मुख्य काम. आणखी एक तक्ता करा: कोणाला काय, केव्हा कळलं. उभ्या रकान्यांत प्रेक्षक, डेव्ह-फ्रँक हे दोन अंतराळवीर आणि हॅल हा यानाचा संगणक. आडव्या ओळींत माहिती.

चंद्रावर जमिनीखाली काळा शिलाखंड सापडला, हे प्रेक्षकाला माहीत आहे. हॅललाही माहीत आहे. यान चालवणाऱ्या डेव्ह आणि फ्रँकला नाही. हॅलनं पॉडच्या (यानातल्या छोट्या फेरीयानाच्या) काचेतून दोघांच्या ओठांची हालचाल वाचली, हे प्रेक्षकाला आणि हॅलला कळलं, त्या दोघांना नाही. नेमकं इथेच मध्यंतर पडतं, आणि समोसा खाताना तुम्ही त्या दोघांपेक्षा जास्त जाणता. पुढे हॅलला बंद केल्यावर आधी चंद्रावर गेलेल्या डॉ. फ्लॉइड या अधिकाऱ्याचा, आधीच चित्रित करून ठेवलेला संदेश आपोआप सुरू होतो आणि डेव्हला मोहिमेचं खरं कारण कळतं. आपल्याला त्यातलं बहुतेक सारं आधीच माहीत असतं. त्या संदेशाचा शेवट असा की शिलाखंडाचं मूळ आणि हेतू अजूनही संपूर्ण रहस्य आहे. सिनेमातला शेवटचा संवाद हाच. त्यापुढे तक्त्याचे तिन्ही रकाने रिकामे राहतात.

हा तक्ता भरायला तासभर लागतो. तो टाळलात तर पुढचं सगळं ‘वाटलं’, ‘जाणवलं’वर जातं.

> नेहमीची चूक: कादंबरीतून उसनं आणणं. तिच्यात यान शनीकडे जातं, सिनेमात गुरूकडे. हॅल का बिघडला याचा खुलासाही तिथे सविस्तर आहे. सिनेमात फक्त धागा आहे, मोहिमेचं गुपित एकट्या हॅलकडे होतं हा. सिनेमाबद्दल विधान करताना स्वतःला विचारा, हे मी पाहिलं की वाचलं? शिलाखंड चाळीस लाख वर्षांचा आहे हे फ्लॉइडच्या संदेशातच येतं, ते वापरा. सुरुवातीचा उपग्रह अण्वस्त्र आहे, असं मात्र सिनेमा शब्दांत कुठेही सांगत नाही.

पायरी ३: एकच प्रसंग, शॉटगणिक

अख्खा सिनेमा शॉटगणिक उतरवायला जाऊ नका. शिबिरात दरवर्षी एकजण हे करतो आणि चाळिसाव्या मिनिटाला सोडून देतो. तुमच्या चुळबुळीच्या नोंदीतला, श्वास रोखला होता असा एक प्रसंग घ्या. पाच-सहा मिनिटांपेक्षा मोठा नको.

मी इथे यानात प्रवासभर दीर्घ झोपेत ठेवलेल्या तीन शास्त्रज्ञांच्या मृत्यूचा प्रसंग घेतो. काम या क्रमानं करा.

पहिल्यांदा आवाज बंद करून पाहा. काय दिसतं? काचेखाली निश्चल माणसं. पडद्यांवर आलेख. हॅलचा लाल डोळा. मग लुकलुकणारी अक्षरं, संगणकात बिघाड. आलेखाच्या वेड्यावाकड्या रेषा एकेक करून सरळ होतात. जीवनक्रिया धोक्यात. मग जीवनक्रिया समाप्त. कुणी कुणाला हात लावत नाही, कुणी किंचाळत नाही, रक्ताचा थेंब नाही. तीन खून झाले, आणि दिसल्या त्या फक्त पाट्या.

मग चित्र झाकून नुसतं ऐका. धोक्याच्या घंटेची टिकटिक, तिची बदलत जाणारी पट्टी आणि शेवटी थांबणं. कुणाचाही आवाज नाही, हॅलचाही. एरवी इतका बोलणारा हॅल इथे गप्प आहे, ही नोंद चित्र पाहताना राहून जाते.

आता दोन्ही एकत्र. प्रत्येक शॉटला एक ओळ: काय दिसतं, अंदाजे किती सेकंद, आवाज कुठला. आणि एक प्रश्न: हे कोण पाहतंय? उत्तर, कुणीच नाही. डेव्ह बाहेर पॉडमध्ये आहे, फ्रँक मेलाय, हे तिघं झोपेत. साक्षीला आपण एकटेच. मघाच्या तक्त्यात ही नोंद भरा, प्रेक्षकाच्या रकान्यात आणखी एक माहिती, डेव्हच्या रकान्यात शून्य.

अशाच बारकाईनं डेव्हचं हेल्मेटविना यानात परतणं पाहून घ्या. पॉडचं दार उडतं, तो पोकळीतून आत फेकला जातो आणि एवढ्या मोठ्या स्फोटाला आवाज नाही. तो दार बंद करतो, हवा आत येते आणि हवेबरोबर आवाज येतो. विज्ञान म्हणून बरोबर आहेच. पण श्वास रोखून बसलेला प्रेक्षक नेमका त्याच क्षणी श्वास सोडतो. आमच्या खेळात मी तो सुस्कारा चार ठिकाणांहून ऐकला.

> तपासा (सबटायटल्सवाल्यांसाठी): पॉडचा दरवाजा उघडायला नकार देताना हॅल ‘आय अॅम अफ्रेड’ म्हणतो. ते नुसतं सभ्य माणसाचं ‘क्षमस्व, जमणार नाही’. नंतर त्याची स्मृती एकेक करून काढली जात असताना तो पुन्हा तेच तीन शब्द उच्चारतो, आता अर्थ ‘मला भीती वाटतेय’ असा आहे. मराठी किंवा हिंदी पाटीवर ही दोन वेगळी वाक्यं होतात आणि जोड तुटतो. मूळ संवाद कानानं पडताळा.

पायरी ४: तंत्र लिहिताना ‘कसं केलं’ एवढ्यावर थांबू नका

तंत्राची माहिती गोळा करायला मजा येते आणि तिथेच निबंध वाहून जातो. तरंगणारं पेन काचेच्या तुकड्यावर दुहेरी चिकटपट्टीनं डकवलं होतं. यानाच्या गोल दालनात फ्रँक धावतो तेव्हा फिरत होता तो सेट, पाळण्यातल्या चक्रासारखा, आणि नट सतत तळाशीच होता. शेवटच्या भागातली रंगांची धाव डग्लस ट्रम्बुल यांनी स्लिट-स्कॅन पद्धतीनं केली, अरुंद फटीमागून सरकणाऱ्या चित्रावर कॅमेरा दीर्घकाळ उघडा ठेवून.

हे सगळं छान आहे, पण प्रत्येक नोंदीनंतर एक ओळ सक्तीनं लिहा: *यामुळे प्रेक्षकाला काय कळलं, किंवा कळेनासं झालं?* गोल दालनातल्या धावण्यामुळे काही मिनिटांत खाली-वर हा भेदच संपतो. पुढे हॅल खरं बोलतो की खोटं हे ठरवताना आपल्या पायाखाली पक्की जमीन राहिलेली नसते. ही ओळ जमली नाही तर ती माहिती निबंधातून काढा. जपून ठेवा, कट्ट्यावर सांगायला कामी येईल.

> इशारा: प्रत्येक गोष्ट मुद्दाम केलेली नसते. पहिल्या भागातल्या बिबट्याचे डोळे चमकतात ते फ्रंट प्रोजेक्शनचा (मागच्या पडद्यावर समोरून पार्श्वभूमी टाकण्याच्या तंत्राचा) प्रकाश थेट त्यांच्यावरून परावर्तित झाल्यामुळे. तो निव्वळ योगायोग होता. ‘दिग्दर्शकानं आदिम भयाचं प्रतीक म्हणून…’ असं लिहिणारे दरवर्षी भेटतात. परिणाम नोंदवा, हेतू चिकटवू नका.

पायरी ५: प्रेक्षक म्हणजे नेमकं कोण

‘प्रेक्षकांना आवडला’ हे वाक्य वहीतून हद्दपार करा. पुरावा तीन जागी असतो आणि तिन्ही वेगळे ठेवायचे.

*तुम्ही स्वतः.* पहिल्या पायरीतली नोंद. तिच्यात आता बदल करायचा नाही.

*खोलीतली माणसं.* चार-सहा जणांना सिनेमा दाखवा, शक्यतो वेगवेगळ्या वयाचे. तुम्ही बाजूला बसा, पडद्याकडे तोंड न करता त्यांच्याकडे बघत. कोण हसलं, कुणी फोन काढला, कोण पुढे सरकून बसलं, मिनिटासह टिपा. संपल्यावर ‘कसा वाटला?’ विचारू नका, त्यावर सगळे ‘छान’ म्हणतात. ‘कुठे हरवल्यासारखं झालं?’ आणि ‘हॅलचं शेवटी काय वाटलं?’ असं विचारा. आमच्याकडे एका सत्तरीच्या आजींनी सांगितलं की त्यांना हॅलची दया आली, तो जुनं गाणं म्हणत विझतो तेव्हा. त्यांच्या नातवाला तो नुसता व्हिलन वाटला. दोन्ही लिहा, सरासरी काढू नका.

*छापील पुरावा.* इथे तारीख हीच खरी गोष्ट. एप्रिल १९६८च्या पहिल्या खेळांना लोक उठून गेले आणि कुब्रिकनं लगेचच सुमारे १९ मिनिटं कापली. म्हणजे पहिले काही खेळ पाहणाऱ्यांनी आणि तुम्ही, एकच सिनेमा पाहिलेला नाही. जुनं परीक्षण वाचताना ते कोणत्या प्रतीवर आहे हे आधी ठरवा. न्यूयॉर्क टाइम्सच्या रेनाटा अॅडलर यांना तो संमोहक आणि प्रचंड कंटाळवाणा यांच्या मध्ये कुठेतरी वाटला. न्यूजडेचे जोसेफ गेल्मिस यांनी आधी नापसंती लिहिली आणि मग पुन्हा पाहून मत बदलल्याचं जाहीरपणे लिहिलं. दरम्यान तरुण मंडळी पुन्हा पुन्हा येऊ लागली होती. मत बदलणारा समीक्षक तुमच्यासाठी सोन्यासारखा. सिनेमा तोच, माणूसही तोच, मग बदललं काय, हा प्रश्न तो आयता हातात देतो.

> नेहमीची चूक: आज तो अभिजात मानला जातो म्हणून तेव्हाचे नाराज प्रेक्षक मूर्ख होते, असा सूर लावणं. त्यांची चुळबुळ हा पुरावा आहे, गुन्हा नाही.

पायरी ६: आता जोडा, आणि एकच वाक्य काढा

चारही रकाने, कोणाला-काय-कळलं हा तक्ता आणि छापील नोंदी समोर पसरा. चुळबुळ झाली ती मिनिटं लाल पेनानं गोल करा. मग त्या मिनिटाला कथन काय करत होतं आणि तंत्र काय करत होतं ते शेजारी वाचा.

माझ्या वहीत झालं ते असं. सगळे जण शेवटच्या तेवीस मिनिटांत अस्वस्थ होते आणि सगळ्यांनी कारण दिलं ‘स्लो आहे’. पण डेव्ह यानाबाहेर जातो तो प्रसंग, नुसत्या श्वासाच्या आवाजावर चालणारा, तितकाच संथ. तिथे मात्र खोलीत हूं की चूं नव्हतं. वेग हे कारण टिकत नाही. फरक तक्त्यात सापडला. यानाबाहेरच्या प्रसंगात प्रेक्षकाला ठाऊक असतं की कोणाला काय माहीत आहे, निदान काय धरून बसायचं ते तरी. शेवटच्या भागात सिनेमा हा हिशेबच बंद करतो आणि भाषाही काढून घेतो. तिथून माझं वाक्य निघालं: *जवळपास अडीच तासांच्या या सिनेमात प्रेक्षक अडखळतो तो संथपणाला नव्हे, तर पात्रांपेक्षा जास्त जाणण्याची जी सवय सिनेमानंच लावली ती अचानक मोडल्यामुळे.*

तुमचं वाक्य वेगळं निघेल. चाचणी एकच, कुणीतरी सिनेमा दाखवून ते खोडून काढू शकेल का? ‘हा चित्रपट मानवाच्या उत्क्रांतीवर भाष्य करतो’ हे कुणी खोडू शकत नाही, म्हणून ते कामाचं नाही.

लिहिताना गोष्ट तीन ओळींत उरका. प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात पडद्यावरच्या किंवा खोलीतल्या दिसलेल्या गोष्टीनं करा, मतानं नको. कच्चा परिच्छेद असा येतो: ‘कुब्रिकनं शांततेचा प्रभावी वापर केला असून त्यामुळे प्रेक्षक खिळून राहतो.’ दुरुस्त केलेला असा: ‘फ्रँकच्या तुटलेल्या नळीशी झटापटीला आवाज नाही. त्याच्या श्वासाची आपल्याला सवय झालेली असते, तो अचानक थांबतो, आणि तो मेला हे डेव्हच्या आधी आपल्याला कळतं.’ दुसऱ्यात कथन, तंत्र आणि प्रतिसाद वेगळे काढता येत नाहीत.

> शेवटची तपासणी: निबंधातली विशेषणं पेन्सिलीनं खोडून पाहा. परिच्छेद उभा राहिला तर ठेवा. कोसळला तर वहीतल्या त्या मिनिटाकडे परत जा आणि तो प्रसंग आवाज बंद करून पुन्हा बघा.